रक्त द्यावं, पण निकाल मागावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं गाव हुपरी, नोकरी पुण्यात एका बँकेत, वय 27. बाबा चांदीचे कारागीर. आठेक वर्षांपूर्वी पैंजणाच्या कड्या जोडताना त्यांचा चिमटा नेमक्या जागी बसेना. मग जिन्यावर तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. गल्लीत कुजबुज सुरू, 'दिवसाढवळ्या घेतोय.' बाबांनी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही. माझी आजी अशाच झोकांड्या खात शेवटी अंथरुणाला खिळली होती. तेव्हा सगळे 'वारं गेलं अंगावरून' म्हणायचे. थोरले काका पन्नाशीतच गेले, त्यांचंही हेच.

गेल्या वर्षी मुंबईत एका डॉक्टरांनी बाबांना 'डोकं न हलवता उजवीकडे बघा, आता डावीकडे बघा' एवढंच करायला लावलं आणि लगेच रक्ताची चाचणी लिहून दिली. रिपोर्ट आला : एससीए-टू (तोल आणि बोलणं हळूहळू बिघडवणारा मेंदूचा आनुवंशिक आजार), आकडा 39. मला आणि धाकट्या भावाला (तो 22चा) हे असण्याची शक्यता निम्मी, असं सांगितलं.

आता तिथल्याच संशोधन विभागाने आमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलंय. ज्यांना काही त्रास नाही त्यांचंसुद्धा. आई म्हणते, 'तुझं लग्न होईस्तोवर ब्र काढायचा नाही.' इचलकरंजीचं एक स्थळ जवळपास ठरत आलंय, मुलगा मला आवडलाय. आत्या म्हणते, 'बाहेर बोभाटा कशाला, मी माझ्या पोराला करून घेते.' चुलतभाऊ स्टेमसेल (मूळपेशी) उपचाराची जाहिरात घेऊन आलाय, साडेचार लाखांत तीन इंजेक्शनं.

आणि मी रोज रात्री खोलीतल्या फरशीच्या रेषेवरून पावलाला पाऊल लावून चालून बघते. परवा तोल गेला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

रक्त देऊ का? दिलं तर निकाल ऐकावाच लागेल का? त्या मुलाला काय सांगू?

– हुपरीची एक लेक

*

हुपरीच्या लेकी,

आधी फरशीचं बोलू. ते आजपासून बंद कर. दिवसभर बँकेत बसून आलेली, जेमतेम जेवलेली, मनात धास्ती घेतलेली कुठलीही 27 वर्षांची मुलगी त्या रेषेवर कधी ना कधी डगमगेल. मेंदूविकारतज्ज्ञ तसं चालायला लावतात खरं, पण त्याच्या जोडीला बोट नाकाला लावणं, बोलणं, डोळ्यांची हालचाल असं सगळं मिळून बघतात. एकट्या पावलावरून कुणी काही ठरवत नाही. फारच चैन पडत नसेल तर एकदा तज्ज्ञाकडून रीतसर तपासून घे. मात्र एक खबरदारी घ्यायची. या आजारात डोळे इतर लक्षणांच्या कितीतरी आधी मंदावतात. क्यूबातल्या ओल्गिन प्रांतात एससीए-टूची कुटुंबं जगात सर्वात दाट आहेत, आणि तिथल्या डॉक्टरांनी हे नीट मोजून दाखवलं आहे. म्हणजे नुसत्या तपासणीतूनही डॉक्टरांना अंदाज येऊ शकतो. तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच सांग : 'मला काय ऐकायचंय आणि काय नाही, ते आधी ठरवू.' चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही.

आता मूळ गुंत्याकडे येऊ. संशोधनाला रक्त देणं, स्वतःचा निकाल कळून घेणं आणि इचलकरंजीच्या मुलाला सांगणं, या तिन्ही गोष्टी तुमच्या घराने एकाच गाठीत बांधून टाकल्या आहेत. आईला वाटतं, रक्त दिलं की निकाल येणार, निकाल आला की गावभर होणार, गावभर झालं की लग्न मोडणार. प्रत्यक्षात या तिघांचा एकमेकांशी फार कमी संबंध आहे. एकाला हो, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणता येतं. माझं मत आधीच सांगून टाकते : रक्त दे, निकालाची घाई करू नकोस, आणि मुलाला साखरपुड्याआधी सांग.

रक्त का द्यायचं, ते बाबांच्या डोळ्यांपासून सुरू होतं. ते कडेला बघताना नजर फिरवत नाहीत, अख्खी मान वळवतात, हे तुम्ही घरात कधीपासून पाहत असाल. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन उडवणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या देठात असतात. एससीए-टूमध्ये लहान मेंदूबरोबर त्यांचीही झीज होते, म्हणून नजर उडत नाही, सरकत जाते. ही खूण एका आनुवंशिक आजाराशी जोडली ती मुंबईत. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी 1971 साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिगत छापली : तोल जाणं, बोलणं जड होणं आणि डोळ्यांची मंद हालचाल, पिढ्यान्‌पिढ्या. तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅन नुकता जन्माला येत होता, आणि जनुकाचा तर पत्ताच नव्हता. हातात होती ती वंशावळ, टॉर्च आणि समोर बसून 'हो, आमच्या आजोबांनाही असंच होतं' असं सांगणारी माणसं. पुढे 1996 साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी बाराव्या गुणसूत्रावरचं जनुक शोधलं आणि चाचणी शक्य झाली. त्या नऊ कुटुंबांना स्वतःला यातून औषध मिळालं नाही. पण बाबांना नुसतं डावी-उजवीकडे बघायला लावून तुमच्या डॉक्टरांनी नेमकी चाचणी लिहिली, ती त्या नऊ घरांनी तोंड उघडलं म्हणून. त्यांच्याही घरांत लग्नाच्या मुली असतीलच की.

रिपोर्टवरच्या 39चा अर्थ तुम्हाला कुणी नीट सांगितला की नाही, कोण जाणे. त्या जनुकात सी, ए, जी या तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो साधारण 22 वेळा असतो. 33 किंवा त्याहून जास्त झाला की आजाराच्या हद्दीत येतो. त्यातून तयार होणारं प्रथिन बिघडतं आणि लहान मेंदूतल्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरतात. आकडा जितका मोठा, तितकी लक्षणं लवकर, हे शेकडो रुग्णांची सरासरी काढली तर खरं आहे. एका माणसाला मात्र तो आकडा बघून 'तुला अमुक वर्षी सुरू होईल' असं कुणीही सांगू शकत नाही. सांगत असेल तर उठून ये. शिवाय पुढच्या पिढीत जाताना हा आकडा बदलू शकतो, आणि वडिलांकडून येताना वाढण्याकडे कल जास्त असतो. भावाचा आणि तुझा छापा-काटा वेगवेगळा. त्याचा काटा पडला म्हणून तुझा छापा पडत नाही, आणि उलटही नाही. घरोघरी हा गैरसमज असतो. 'दोघांपैकी एकाला तरी होणारच' असं आई मनात धरून बसली असेल तर तिला हे आवर्जून सांग.

मग धडधाकट माणसांचं रक्त कशाला? कारण खरं कोडं तिथेच आहे. सारखाच आकडा असलेल्या दोघांत एकाला तिशीत सुरू होतं, दुसऱ्याला पंचेचाळिशीत. का? बाकीची कुठली जनुकं, कुठल्या सवयी पुढे ढकलतात? हे कळायला एकाच घरातली आजारी आणि निरोगी माणसं शेजारीशेजारी ठेवून बघावी लागतात. दुसरं म्हणजे, हा आजार फार सावकाश सरकतो. तोल, चाल, बोलणं, हाताचा नेमकेपणा हे सगळं मोजायला 'सारा' नावाची 40 गुणांची मोजपट्टी वापरतात. युरोपात रुग्णांच्या मोठ्या गटाला वर्षानुवर्षं तपासलं तेव्हा एससीए-टूत वर्षाला सरासरी दीड गुणाची घसरण दिसली. दीड! आता उद्या एखादं औषध ही घसरण निम्म्यावर आणतं असं धर. चाळीस गुणांच्या पट्टीवर तो पाऊण गुणाचा फरक सिद्ध करायला किती रुग्ण आणि किती वर्षं लागतील? म्हणून संशोधक रक्तातच एखादी खूण शोधतायत. न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन चेतातंतूंची मोडतोड झाली की रक्तात झिरपतं, आणि या जातीच्या आजारांत ते वाढलेलं आढळतं. लक्षणांच्या किती आधीपासून ते वाढतं, हे फक्त आज निरोगी असलेल्या माणसांच्याच रक्तातून कळणार.

आणि औषध? खोटी आशा देत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या गटाने हे बिघडलेलं प्रथिन तयारच होऊ नये अशी योजना उंदरांत करून पाहिली आणि उंदरांची चाल सुधारली. याच प्रथिनाला आवरणारं एक औषध मग एएलएस नावाच्या दुसऱ्या मज्जाविकारात माणसांवर तपासलं गेलं. त्याचा उपयोग दिसला नाही, 2024 मध्ये ते काम थांबवलं. संशोधन असंच चालतं, उंदरात जिंकून माणसात हरतं. पण ज्या दिवशी एससीए-टूच्या औषधाची चाचणी आपल्याकडे येईल त्या दिवशी ज्यांची नावं, आकडे, वर्षावर्षाची तपासणी आधीच नोंदलेली आहे, त्याच घरांकडे आधी फोन जाईल.

आता रक्त देताना काय विचारायचं ते ऐक. समोर माहितीपत्रक आणि संमतीपत्र ठेवतील, मराठीत मागून घे, इंग्रजीवर सही करू नकोस. घरी आणून वाच. मग विचार : माझ्या नळीवर नाव असणार की सांकेतिक क्रमांक? नाव आणि क्रमांकाची जोडी कुणाकडे राहणार? नमुना परदेशी जाणार का? पुढे दुसऱ्याच संशोधनाला वापरणार असतील तर मला पुन्हा विचारणार का? मी मागे फिरले तर नमुना नष्ट करणार का? आणि सर्वात महत्त्वाचं, माझा निकाल मला कळवणार का? 'नको' असं लिहून देता येतं का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे भाग घेणं ऐच्छिक असतं आणि केव्हाही बाहेर पडता येतं. त्याचा बाबांच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. उत्तरं देताना कुणी 'अहो, फॉरमॅलिटी आहे, करा सही' म्हणालं, तर सही न करता परत ये. काही बिघडत नाही.

एक बारीक गोष्ट. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला आकडा हा तुझा रिपोर्ट नव्हे. उद्या खरोखर जाणून घ्यायचं ठरवलंस तर समुपदेशन होऊन, नव्याने रक्त देऊन, निदानाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ती चाचणी पुन्हा होते. आणि चाचणीही नेमकी हीच, तुकड्यांची संख्या मोजणारी मागायची. हल्ली 'संपूर्ण जनुकतपासणी'ची पॅकेजेस ऑनलाइन विकतात. अशा वाढलेल्या तुकड्यांचे आजार त्यांतल्या बऱ्याच तपासण्यांना नीट दिसतच नाहीत. 'सगळं नॉर्मल'चा कागद घेऊन निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. तो कागद त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हता.

बरं, निकाल. तुला तो कशासाठी हवाय? तुझ्या पत्रातून मला एकच कारण दिसलं : हे रोजचं चालून बघणं थांबावं. कारण खरं आहे, त्याची मी थट्टा करत नाही. पण विचार कर. नकारात्मक आला तर थांबेल. सकारात्मक आला तर? मग प्रत्येक ठेच, प्रत्येक निसटलेला कप 'सुरू झालं' वाटायला लागेल. आणि सुरू व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं असू शकतात. आज लक्षणांच्या आधी घेऊन आजार टाळता येईल असं औषध नाही, त्यामुळे वैद्यकीय घाई कुठलीच नाही. जाणून घेण्याची चांगली कारणंही असतात : मूल कधी आणि कसं होऊ द्यायचं, नोकरी-घराची मोठी गणितं, किंवा ज्या माणसाला अनिश्चितताच निकालापेक्षा जास्त पोखरते तो स्वभाव. तुझा स्वभाव कुठला, ते मी पत्रावरून सांगणार नाही.

एवढं सांगते की 'न जाणणं' हा पळपुटेपणा नाही. हंटिंग्टन हा याच जातीचा, तुकडे वाढल्याने होणारा आजार. त्याचं जनुक 1993 मध्ये सापडलं, त्यामागे नॅन्सी वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञ बाईंची मोठी मेहनत होती. त्यांच्या आईला हंटिंग्टन होता. म्हणजे त्यांची शक्यता तुझ्याइतकीच, निम्मी. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी या आजाराने गांजलेली गावं आहेत. तिथे त्या 1979 पासून वर्षानुवर्षं जात राहिल्या, चार हजारांहून जास्त लोकांचं रक्त गोळा केलं, अठरा हजार माणसांची वंशावळ मांडली. लोक कातडीचा तुकडा द्यायला कचरायचे. तेव्हा सोबतच्या नर्सने वेक्स्लरबाईंचाच हात वर करून त्यावरचा व्रण दाखवला : बघा, हिनेही दिलाय. ज्या बाईने चाचणी शक्य केली, तिने ती आल्यावर स्वतःबद्दल मात्र वर्षानुवर्षं लोकांना काही सांगितलं नाही. आपल्याला आजार असल्याचं त्यांनी 2020 मध्ये जाहीरपणे मान्य केलं. चाचणी हाताशी आल्यावरही हंटिंग्टनच्या घरांतल्या बहुतेक माणसांनी ती करून घेतलेली नाही. जगभर हेच दिसलं. सगळी काही घाबरट नव्हती.

करायचीच ठरली तर तिचा एक शिरस्ता आहे, 1994 मध्ये हंटिंग्टनसाठी ठरवलेला आणि पुढे अशा इतर आजारांनीही उचललेला. आधी समुपदेशन, मग विचाराला वेळ, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, सोबत आपलं माणूस घेऊन. फोनवर नाही, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ तर मुळीच नाही. रक्त दिल्यानंतरही 'पाकीट उघडू नका' म्हणता येतं. अठरा वर्षांखालच्या निरोगी मुलांची ही चाचणी करत नाहीत. हे सगळं न करता नुसतं 'द्या हात' म्हणणारी लॅब दिसली तर तिथून निघ. एक वाक्य कंसात टाकावं तसं : सोबतीला भावाला नेऊ नकोस. तुझा निकाल ऐकताना तो स्वतःचाच ऐकत असेल. मैत्रीण ने.

आता इचलकरंजी.

आईला दोष देऊ नकोस. तिने नवऱ्याला दारुड्या म्हणवून घेताना ऐकलंय, सासूचं केलंय, दिराला पोचवलंय. घराण्यात 'काहीतरी आहे' असं एकदा पसरलं की पुढे मुलाचंही अडतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तिची भीती खरी आहे. तरीही लपवून लग्न करू नकोस. नीतीचा भाग क्षणभर बाजूला ठेवू, व्यवहारच बघू. लग्नात बाबा मांडवात उभे राहणार, सगळ्यांदेखत चालणार, बोलणार. पहिल्या दिवाळीला जावई घरी येणार. कळायला किती वेळ लागेल? आणि तेव्हा 'तुमच्या बाबांना काय आहे' हा प्रश्न राहणार नाही, 'तुम्ही लपवलंत' एवढंच राहील. ते आयुष्यभर पुरतं.

पण काय सांगायचं, इथे नीट थांब. तुला जे आज ठाऊक आहे तेवढंच सांगायचं आहे, आणि ते पुरेसं आहे. त्यासाठी चाचणी लागत नाही. मी बोलले असते तर असं काहीसं : 'माझ्या बाबांना मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे. तोल जातो, बोलणं जड होतं, बुद्धी शाबूत आहे. मला तो असण्याची शक्यता निम्मी आहे. मी चाचणी केलेली नाही आणि करायची की नाही ते मी ठरवणार आहे. मुलांच्या बाबतीत काय करता येतं ते मला माहीत आहे, आपण दोघं मिळून डॉक्टरांना भेटू शकतो. तुला विचार करायला वेळ हवा असेल तर घे.' हे त्या मुलाला सांग, दोघंच असताना, साखरपुड्याची तारीख धरण्याआधी. मध्यस्थामार्फत नको, त्याच्या आईकडून नको. आईला आधी कल्पना दे, परवानगी मागू नकोस.

मग एक वळण येऊ शकतं, त्याची तयारी ठेव. त्याच्या घरचे म्हणतील, 'ठीक आहे, मग एकदा टेस्ट करा, क्लिअर आली तर पुढे जाऊ.' ऐकायला समजूतदार वाटतं. इथे ठाम राहा. लग्नाच्या बाजारात दाखवायचा दाखला म्हणून ही चाचणी करायची नाही. सकारात्मक आली तर स्थळ जाईल आणि आयुष्यभराचं ज्ञान डोक्यावर राहील, तेही दुसऱ्याच्या हातात. मुलगा स्वतः 'मला भीती वाटतेय, मला समजून घ्यायचंय' म्हणाला तर ते वेगळं. त्याला समुपदेशकाकडे ने. माणूस घाबरला म्हणून वाईट ठरत नाही. आणि 'मला नाही जमणार' म्हणाला, तर दुखेल, पण तो निर्णय त्याने खरं ऐकून घेतलेला असेल.

मुलांचं थोडक्यात. टेस्टट्यूब पद्धतीत गर्भ रुजवण्याआधीच तपासून हा दोष नसलेला गर्भ निवडता येतो. गर्भारपणात साधारण तिसऱ्या महिन्यातही तपासणी होते. आपल्याकडचा 1994चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लिंग सांगायला मनाई करतो, पण आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला परवानगी देतो. आईवडिलांपैकी कुणात दोष आहे हे त्यांना न कळवता गर्भ तपासायची पद्धतही जगात वापरात आहे. समुपदेशकाला त्याबद्दल मुद्दाम विचार. खर्च मोठा असतो, हेही ऐकून ठेव.

आत्याचा प्रस्ताव मायेतून आलाय, पण तो सर्वात धोक्याचा. आपल्या भागात मामाच्या पोरीवर हक्क असतो वगैरे ठीक, पण आत्या बाबांची सख्खी बहीण आहे. आजीकडून तिलाही हे मिळालं असण्याची शक्यता तेवढीच, निम्मी. तिच्याकडून तिच्या मुलाला. तू आणि तो, दोघांतही हे निघालं तर तुमच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्म्यावरून पाऊणावर जाते, आणि दोन्हीकडून मिळालं तर आजार आणखी लवकर, आणखी जड येऊ शकतो. आत्याला हे तुझ्याकडून ऐकवलं जाणार नाही, ती दुखावेल. मुंबईच्या डॉक्टरांकडून ऐकव. तिची स्वतःचीही शक्यता तिला कुणी सांगितलेली दिसत नाही. मला तिची जास्त काळजी वाटते.

स्टेमसेलवर शाई घालवत नाही. आयसीएमआरच्या 2017च्या स्टेमसेल मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, उपचार म्हणून विकायचं नाही. प्रयोग असेल तर त्याची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत हवी, आणि औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चुलतभावाला एवढंच सांग : 'नोंदणी क्रमांक आण.' तो आणणार नाही.

त्या साडेचार लाखांतल्या थोड्या पैशात बाबांसाठी बरंच होईल. जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथल्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की, चार आठवडे तोल आणि समन्वयाचे व्यायाम नेटाने करून घेतले तर लहान मेंदूच्या झिजेच्या रुग्णांचीही चाल सुधारते. घरी चालू ठेवलं तर फायदा टिकतो. कोल्हापूरला मेंदूविकारांचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट शोध, गुडघ्यांचा नको. न्हाणीघरात दांडा बसवून घ्या. पाणी पिताना ठसका लागतो का ते बघ. लागत असेल तर गिळण्याची तपासणी लवकर करून घे, या आजारात न्यूमोनिया तिथून शिरतो. पोटऱ्यांत रात्री गोळे येत असतील तर डॉक्टरांना सांग, त्यावर औषध असतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुनाट मेंदूविकार येतात, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज कर. आणि डॉक्टरांकडून एक ओळीचं पत्र घेऊन बाबांच्या खिशात ठेव : 'यांना मेंदूचा आजार आहे, हे दारू प्यायलेले नाहीत.' बसमध्ये, पोलिसासमोर, गल्लीत उपयोगी पडतं.

बाबांना स्वतःला काय वाटतं, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. त्यांचं रक्त घेतलं, त्यांचा आकडा आला, त्यांच्यावरून घरात चर्चा झडतायत, आणि ते मात्र गप्प. जीभ जड झालेल्या माणसाला लोक विचारायचं सोडून देतात. बुद्धी सहसा शाबूत असते गं. पुढच्या सुट्टीत घरी गेलीस की संशोधनाचं माहितीपत्रक त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि विचार. वेळ लागेल, वाक्य पुरं होऊ दे, मध्ये शब्द पुरवू नकोस.

भावाला इतक्यात कशासाठीच ओढू नकोस. तो 22चा आहे. त्याने रक्त दिलं नाही तरी तुझं चालतं, आणि त्याचा निकाल तो मागेल तेव्हाच. तुझा विमा अजून नसेल तर चाचणीच्या आधी घे. घरच्या आजाराचा प्रश्न अर्जात असेल तर खरं लिही. लपवलेलं पुढे क्लेम नाकारायला पुरतं.

संशोधन विभागाला फोन करशील तेव्हा तिथे आनुवंशिक समुपदेशक आहे का ते आधी विचार. असेल तर पहिली वेळ रक्तासाठी न घेता त्यांच्यासाठी घे, आणि आईला सोबत ने.

– ताई